जिराफाचे खूर

पोषण महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी पेपरात काजलचा फोटो आला आणि जयमालाचा सकाळचा चहा कपातच निवला. फोटोही कसा, चांगला ऐसपैस. काजल हसत होती आणि तिच्यामागे तिची पोरं गाल फुगवून उभी होती. एकोणीस वर्षांच्या सेवेत जयमालाचा फोटो पेपरात एकदाच आला होता. तोही अर्धा, कुणाच्या तरी खांद्याआडून.

काजल म्हणजे जयमालाची धाकटी जाऊ. दोघीही अंगणवाडी सेविका, दोघीही कळमखेडच्याच. मारुतीच्या देवळापाशी अंगणवाडी क्रमांक एक, ती जयमालाची. मेहकरकडच्या रस्त्यावर क्रमांक दोन, ती काजलची. काजलला तिथं लागून चौथं वर्ष होतं आणि तिचा अर्ज जयमालानंच स्वतःच्या हातानं भरून दिला होता. मोबाईलमध्ये पोरांची माहिती कशी भरायची, तेही तिनंच शिकवलं होतं. हे आठवलं की तिला स्वतःच्या हातांचाच राग यायचा.

फोटोखाली बातमी होती. ‘कळमखेडच्या अंगणवाडी क्रमांक दोनमध्ये कुपोषणात शंभर टक्के घट. येत्या सोमवारी बुलढाण्यात सेविकेचा सत्कार.’

“शंभर टक्के,” जयमाला म्हणाली. “दोन पोरं व्हती तिच्याकडं लाल-पिवळ्यात. दोनाचं शून्य झालं, तं पेपरवाल्याले शंभर दिसून राह्यले.”

“मंग शंभर टक्केच झालं ना,” उत्तमराव म्हणाले. नवरा म्हणून त्यांची एक खोड होती, चुकीच्या वेळी बरोबर बोलायची.

“त्या दोनातला गोकुळ सहा वर्साचा झाला अन् शाळेत गेला. तो सुधारला नाही, मोठा झाला. म्हनजे सुधारलं एक पोर. अन् बातमी केवढी!”

यात जयमालाचं काही चुकलं नव्हतं. गोकुळची जन्मतारीख तिला पाठ होती, आणि पोरगं वयानं यादीतून गेलं की त्याचं कुपोषणही यादीतून जातं, हे तिच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. आकड्यातली खोट पकडण्यात बाई पटाईत होती. फक्त ती पटाईत व्हायला समोर दुसऱ्या कुणाचा तरी आकडा लागायचा.

आता हे माप कसं घेतात ते सांगायला हवं, नाहीतर जयमालाचा जळफळाट नीट कळायचा नाही. महिन्यातून एकदा पोराला काट्यावर उभं करून वजन घ्यायचं, मग भिंतीशी उभं करून उंची घ्यायची, आणि दोन्ही आकडे मोबाईलमध्ये भरायचे. पुढचं मोबाईल ठरवतो. इतक्या उंचीला इतकं वजन हवं, असं त्याचं गणित. दोन पोरांचं वजन सारखंच असेल, तर त्यातलं उंच पोर वाळकं ठरतं आणि त्याची ओळ पिवळी नाहीतर लाल होते. जयमालाच्या अडतीस पोरांत अशा पाच ओळी रंगलेल्या होत्या. काजलच्या एकतीस पोरांत एकही नाही. गाव एकच, नळ एकच, खाऊ एकाच गाडीतून उतरणारा. मग तिची पोरं तेवढी हिरवी कशी, हा प्रश्न जयमालाला स्वस्थ बसू देईना.

मंगळवारी ती हाच प्रश्न घेऊन उठली आणि बुधवारी दुपारी उत्तर शोधायला निघाली. निमित्त होतं काजलचं एक पातेलं परत करायचं. सोबत छकुली होती.

छकुली ही जयमालाची नात, साडेतीन वर्षांची. मुलगा प्रेम खामगावच्या तेलगिरणीत कामाला, सून तिथंच नर्सिंग शिकत होती, म्हणून लेकरू दीड वर्षापासून आजीपाशी. जयमालाचा सगळा जीव तिच्यात. दर महिन्याच्या मापाला पहिला नंबर छकुलीचाच असायचा. ती भिंतीशी पाठ लावून हनुवटी वर करायची आणि विचारायची, “वाढली का मी?” आजी आकडा वाचायची आणि सगळी पोरं टाळ्या वाजवायची.

काजल तेव्हा गावात गरोदर बायांकडे गेली होती. मदतनीस मागे भांडी घासत होती. भिंतीवर जिराफ होता. तीन वर्षांपूर्वी मेहकरच्या एका पेंटरनं दोन्ही अंगणवाड्यांत एकाच दिवशी एकसारखे जिराफ रंगवले होते, आणि मानेच्या बाजूनं खालपासून वरपर्यंत सेंटिमीटरच्या रेघा मारल्या होत्या. जयमालानं इकडंतिकडं पाहिलं आणि छकुलीला जिराफाशी उभं केलं.

अठ्ठ्याऐंशी आणि अर्धा.

तिनं डोक्यावर पाटी नीट आडवी धरून पुन्हा वाचलं. अठ्ठ्याऐंशी आणि अर्धाच. आणि आदल्याच आठवड्यात तिच्या स्वतःच्या जिराफानं छकुलीला साडेब्याण्णव सांगितलं होतं. चार सेंटिमीटर! जयमालाला असा आनंद झाला की पातेलं हातातून निसटता निसटता राहिलं. सापडली म्हणायची चोरी. इथला जिराफच खोटा होता. पोरांची उंची कमी दाखवायची, म्हणजे तेवढ्याच वजनात ती भरलेली दिसतात आणि सगळ्या ओळी आपोआप हिरव्या होतात. शून्य कुठून आलं ते कळलं.

छकुली जिराफापुढे उकिडवी बसली होती. “आजी, याले पाय हायेत,” ती खालच्या काळ्या खुरांवर बोट फिरवत म्हणाली. आजीला तेव्हा ऐकायला वेळ नव्हता. तिनं पातेलं मदतनिशीच्या हातात दिलं आणि रस्त्यातच मनाली मॅडमना फोन लावला. मनाली मॅडम म्हणजे दोघींवरच्या पर्यवेक्षिका, मेहकरला बसायच्या. सत्काराआधी एकदा क्रमांक दोनची उंचीची पट्टी तपासून घ्या, नाहीतर ऑफिसाचीच शोभा होईल, असं जयमालानं अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी येते.

घरी आल्यावर तिनं उत्तमरावांना सगळं सांगितलं. ते सोयाबीनच्या शेतातून नुकतेच आले होते आणि हातपाय धूत होते.

“दोन पट्ट्यांत फरक हाय,” ते म्हणाले. “मंग खोटी तिचीच काऊन?”

“तं का माझी हाय खोटी?”

“तसं नाही म्हनत मी. इचारून राह्यलो फक्त.”

“एकोनीस वर्सं झाली मले. तुमी पाय धुवा.”

उत्तमरावांनी पाय धुतले. जयमाला मात्र शुक्रवारपर्यंत तरंगत होती. काजलचं शून्य खोटं निघालं तर सत्कार तर जाईलच, वर चौकशी लागेल, आणि पेपरात दुसरी बातमी येईल. आपलीच जाऊ आहे, हा विचार तिच्या मनात एकदा आला. तो तिनं परतवून लावला. आणि आपलंच खोटं निघालं तर एकोणीस वर्षांच्या नावाचं काय, हा विचार तर दारापर्यंतही आला नाही.

एक गोष्ट मात्र तिला या दिवसांत राहून राहून आठवत होती, आणि आठवली की तिचा राग ताजा व्हायचा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, दहाबारा बायांच्या देखत, काजल हळूच म्हणाली होती, “बाई, छकुली मले जराशी खुजी वाटते. बुलढान्याले पोरांच्या डॉक्टरले दाखवू काय? मी येतो संगं.” जयमालानं तिथंच तिला ठणकावलं होतं. “दिवाळीच्या महिन्यात चार सेंटिमीटर वाढली ती. आकडा हाय माझ्यापाशी. तुह्या डोयापेक्षा माझा आकडा खरा.” बाया हसल्या होत्या आणि काजल वाण घेऊन घरी गेली होती. आपल्या नातीला खुजी म्हणायची हिंमत होते कशी, हे जयमाला अजून विसरली नव्हती.

आणि तो आकडा खोटा नव्हता, मोबाईलमध्ये भरलेला होता. त्या महिन्यात छकुलीच काय, क्रमांक एकमधली सगळीच पोरं चारचार सेंटिमीटर वाढली होती. नेमकी त्याच दिवाळीत, जयमालानं ग्रामपंचायतीशी भांडभांड भांडून आपल्या अंगणवाडीत नवी फरशी बसवून घेतली होती. काजलकडं अजून जुनाच कोबा होता, तोही उखडलेला. जयमालानं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं की स्वच्छ फरशीवर बसून खाल्लं की अन्न अंगी लागतं, पाहा, महिन्याभरात पोरं कशी वाढली. सरपंचांनी तिला नारळ दिला होता. त्यानंतर पाच ओळी रंगल्या, त्याचा दोष तिनं खाऊच्या पाकिटांना दिला. वाढलेल्या उंचीकडं कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. आवडलेला आकडा बाईनं तपासला नाही, एवढंच.

शुक्रवारी अकरा वाजता मनाली मॅडम आल्या. पोरसवदा बाई, पण कामाला चोख. त्यांच्या पर्समध्ये सुताराकडं असतो तसला पोलादी टेप होता. जयमाला मदतनिशीला वर्गावर बसवून, छकुलीला कडेवर घेऊन हजर झाली. काजलला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती पोरांना उसळ वाढत होती.

“काय झालं, बाई?” तिनं विचारलं.

“मॅडमलेच इचार,” जयमाला म्हणाली. “तुह्या जिराफाचं माप काढून राह्यल्या त्या.”

काजलचा हात थांबला. मॅडमनी टेपचं टोक कोब्यावर टेकवलं, टेप भिंतीला लावून वर ओढला आणि वाकून पाहिलं. टेपचा नव्वद आणि जिराफाचा नव्वद एका रेघेत होते. मॅडमनी दुसरीकडून पाहिलं, शंभरापाशी पाहिलं, सत्तरपाशी पाहिलं. सगळीकडं तेच.

“बरोबर आहे ही,” त्या म्हणाल्या.

“टेप पाहून घ्या मॅडम एकदा.”

“टेप नवा आहे, ताई. छकुलीला उभं करा बरं.”

छकुली उभी राहिली, हनुवटी वर केली. अठ्ठ्याऐंशी आणि अर्धा. मॅडमनी आपल्या मोबाईलमध्ये पाहिलं. “मागच्या आठवड्यात तुम्ही साडेब्याण्णव भरलंय. चला, तुमच्याकडं जाऊ.”

देवळापर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा. जयमाला सगळ्यांत पुढे चालत होती आणि तिला मागे वळायचं नव्हतं. उत्तमरावांचा प्रश्न आत्ता कुठं तिच्या कानात शिरला होता.

क्रमांक एकमध्ये फरशी लख्ख होती. त्याच सकाळी जयमालानं ती दोनदा पुसून घेतली होती. मॅडमनी टेप टेकवला आणि वर ओढला. टेप नव्वद सांगत होता तिथं जिराफ चौऱ्याण्णव सांगत होता. मॅडमनी तीनदा पाहिलं. मग त्यांची नजर भिंतीवरून खाली खाली गेली.

“आमच्या जिराफाचे पाय फरशीत गेले,” छकुली म्हणाली. ती हे दिवाळीपासून सांगत होती. सगळीच पोरं सांगत होती, आणि त्यांना गप्प बसवून जयमाला पुढचं पोर मापाला घेत होती.

जिराफाला खूर नव्हते. खालच्या पहिल्या रेघा नव्हत्या. चुन्याचा थर, त्यावर फरशी, मिळून चार सेंटिमीटर, म्हणजे चांगली दोन बोटं जमीन वर आली होती, आणि पोरं त्या उंच जमिनीवर उभी राहून जुन्या रेघांशी मोजली जात होती. अकरा महिने. नारळ जयमालानं याच दोन बोटांसाठी घेतला होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर जयमालाला बरं वाटलं असतं, तिला भांडता आलं असतं. काजल दाराशी उभी होती आणि जिराफाकडं न पाहता बाहेर देवळाकडं पाहत होती.

मॅडमनी मग तिथंच बसून अडतीसही पोरं टेपनं मोजली. जयमाला एकेकाला उभं करत होती, काजल न सांगता वजनाच्या काट्यापाशी बसली. दोन तास लागले. शेवटी मॅडमनी मोबाईल वर केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“जयमालाताई, अहो, पाचपैकी चार पोरं हिरव्यात आली. एकच उरलं पिवळ्यात. तुम्ही उगीच अकरा महिने स्वतःचा आकडा खराब करत होतात.”

जयमालानं मोबाईल हातात घेतला. एक. इतके दिवस पोटात दुखत होतं ते याच आकड्यासाठी, आणि तो असा, कुणी दारात आणून ठेवावा तसा आला होता. तिनं बोटानं ओळी वर सरकवल्या. वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना होता, वयाप्रमाणे उंचीचा. त्याकडं सहसा कुणी पाहत नसे. पेपरात तो कधी येत नसे. त्या रकान्यात बारा ओळी लाल झाल्या होत्या. चार सेंटिमीटर काढून घेतल्यावर पोरं वाळकी राहिली नव्हती, खुजी निघाली होती.

बारांतली सातवी ओळ छकुलीची होती.

फरशी बसायच्या आधीच्या महिन्यात छकुली सत्त्याऐंशी होती. आज अठ्ठ्याऐंशी आणि अर्धा. अकरा महिन्यांत दीड सेंटिमीटर, नखाएवढं. टाळ्या कशाला वाजवल्या ते जयमालाला आता दिसत होतं. संक्रांतीपासून आठ महिने होऊन गेले होते. आठ महिन्यांपूर्वी एका बाईनं नुसत्या डोळ्यांनी पाहून सांगितलं होतं, आणि तिनं तिच्या तोंडावर आकडा फेकला होता.

“तुह्याकडं कितीक हायेत, या रकान्यात?” तिनं काजलला विचारलं.

“नऊ,” काजल म्हणाली. “दर महिन्याच्या अहवालात लिहितो मी, बाई. त्याचं कोनी इचारत नाही. शून्याचं इचारलं, तं फोटो आला.”

‘मी सांगितलं होतं’ एवढे तीन शब्द तिनं म्हणायला हवे होते. तिचा हक्क होता. ती म्हणाली नाही, आणि जयमालाला त्याचाच सगळ्यांत जास्त राग आला. चांगुलपणातही ही बाई पुढेच राहणार होती.

संध्याकाळी हर्षलचा फोन आला. हर्षल मेहकरात मोबाईलचं दुकान चालवायचा आणि पेपरला बातम्या द्यायचा. काजलची बातमी त्याचीच.

“काकू, आयकलं मी, तुमच्याकडं पाचाचं एक झालं. ऐंशी टक्के घट! उद्या लावून देतो. दोघी जावांचा फोटो शेजारी शेजारी.”

जयमाला ओसरीवर बसली होती. ऐंशी टक्के. तिला तो फोटो दिसला. पूर्ण फोटो, खांद्याआडचा नाही. तिनं कुठली साडी नेसायची, इथपर्यंत विचार जाऊन आला. उत्तमराव दोरीला पीळ देत होते, त्यांनी मान वर केली नाही. समोर छकुली जमिनीवर बसून मक्याचं कणीस खात होती, दाणे कमी आणि सांडासांड जास्त.

“हर्षल, पोरं तेच हायेत,” जयमाला शेवटी म्हणाली. “कालचे तेच, आजचे तेच. आमी नुसती फरशी मोजली. ऐंशी टक्के काय फरशीले द्यायचे?”

“पन आकडा तं खरा हाय ना, काकू.”

“खरा हाय. दुसराही एक खरा हाय. गावात एकवीस पोरं खुजी हायेत, बारा माझी अन् नऊ काजलची. तो छाप.”

“त्याची बातमी नाही होत, काकू,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

जयमाला उठली, पदर खोचला आणि काजलच्या घरी गेली. घर म्हणजे मधली भिंत ओलांडून पलीकडं, पण गेल्या सहा महिन्यांत ती तिथं स्वतःहून गेली नव्हती. काजल भाकरी थापत होती.

“सोमवारी बुलढान्याले जाशीनच तू,” जयमाला दारातूनच म्हणाली. “छकुलीले डॉक्टरले दाखवायचं हाय. तुह्या ओळखीचा हाय म्हने. येशीन काय संगं?”

एवढं बोलायला तिला जड गेलं. काजलनं परातीतला हात थांबवला.

“सत्कार बारा वाजता हाय,” ती म्हणाली. “डॉक्टर दहाले बसते. आधी दवाखाना, बाई. सकाळच्या पयल्या बसनं निघू.”

सोमवारी पहिल्या बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. काजलनं सत्कारासाठी नवी साडी नेसली होती, मोरपंखी, आणि ती तिला शोभत होती. जयमालानं ते पाहिलं आणि पाहिल्याचं दाखवलं नाही. छकुली थोडा वेळ आजीच्या मांडीवर होती, मग खिडकीसाठी काजलकडं गेली. “छोटी आजी, मी वाढली का?” तिनं विचारलं. बत्तिसाव्या वर्षी आजी झालेल्या काजलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “डॉक्टरले इचारू. तो खरं सांगते.”

घाट चढताना छकुली झोपली. काजलच्याच मांडीवर. तिचं तोंड उघडं होतं आणि नव्या साडीवर लाळेचा डाग पसरत होता. काजल तो पुसत नव्हती. एका हातानं तिनं पोरीचं डोकं असं धरलं होतं की वळणावर हिसका बसू नये.

जयमाला पाहत होती. तिची नात, आणि झोप लागली ती दुसरीच्या मांडीवर. पोटात ते जुनं, ओळखीचं दुखणं पुन्हा उठलं, शून्याचं होतं तेवढंच. लेकराला उचलून आपल्याकडं घ्यावं म्हणून तिनं हात पुढे केला. मग तिला वाटलं, उठेल पोरगी, अजून अर्धा तास आहे. तिनं हात मागे घेतला आणि आपल्या पदराचं टोक काजलच्या साडीवर, लाळ पडत होती तिथं, दुमडून ठेवलं.